काकूंचा सराव पाठ

आज ३ जानेवारी. शाळाशाळांत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतील. नऊवारी नेसवलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या चिमुकल्या सावित्रीबाई व्यासपीठावर येऊन घरी घोकून घेतलेलं भाषण म्हणतील आणि त्यांच्यावर शेणगोळे फेकण्याचं काम ज्या मुलाच्या वाट्याला आलं आहे तो दरवर्षीप्रमाणे हसू दाबत उभा राहील. यात गैर काही नाही. पण शेणगोळ्यांच्या या नाट्यप्रवेशात त्याआधीचा एक प्रवेश दरसाल गाळला जातो. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या त्याआधी त्या शिकवायला शिकल्या. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ साली भिडेवाड्यात जी बाई फळ्यापुढे उभी राहिली ती नुसती धाडसी नव्हती, तयारीची होती. आणि ही तयारी तिनं केली ती लग्न झाल्यावर, संसार मांडल्यावर. वय कोवळं होतं हे खरं. पण त्या काळी लग्न झालेल्या मुलीचं शिकण्याचं वय संपलेलंच असे. म्हणजे काळाच्या हिशेबानं ती उशिरा आलेलीच विद्यार्थिनी.

उशिरा आलेल्या विद्यार्थिनींचा विषय डोक्यात आला तो परवा, काशीत. वर्षाच्या पहिल्या सकाळी आम्ही मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. धुकं असं की पलीकडची रेती सोडाच, दहा हातांवर बांधलेली नावही दिसेना. नुसतं तिच्या कडेवर पाणी आपटल्याचं ऐकू येई. दशाश्वमेधाची गर्दी मागं टाकून प्रवाहाच्या उलट्या अंगानं चालत गेलं की शीतला घाट, मग अहिल्याबाईंचा घाट आणि त्याला लागून हा. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांचं नाव त्याला लागलं आहे. पुढं १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी यातला मोठा भाग विकत घेतला, म्हणून शेजारी दरभंगा घाट. वरच्या दगडी महालात आता पंचतारांकित हॉटेल आहे. मराठी माणसानं काशीत काय बांधलं याची यादी करायची तर अहिल्याबाईंच्या विश्वनाथापासून भोसले घाटापर्यंत बरीच लांबेल, आणि ती करताना आपली छाती फुगते. तो मोह आज टाळतो.

आमच्यापासून चार पायऱ्या खाली एक बाई बसल्या होत्या. भोवती सहा-सात पिशव्या, दहाबारा चपलांचे जोड आणि मांडीवर एक लांबुडकी वही. पिशव्या आणि चपला यात्रेतल्या बाकीच्या मंडळींच्या. ती सगळी विश्वनाथाच्या रांगेत उभी होती आणि राखणीला या. वहीत मात्र त्यांचं स्वतःचं काही चाललं होतं. मराठी माणसाला ती वही लांबूनही ओळखता येते. वर इयत्ता, विषय, घटक, तासिका. खाली उभ्या रेघा मारून रकाने. पाठ टाचण! काशीत, गंगेच्या काठी, चपलांच्या राशीत बसून कुणी पाठाचं टाचण काढतं आहे हे दृश्य आम्ही याआधी पाहिलं नव्हतं.

“मास्तरीण का?” आम्ही विचारलं.

“व्हायची आहे नं भाऊ अजून. डी.एल.एड.चं दुसरं वर्ष.” नागपूरकडच्या. वय एकोणचाळीस. नवरा प्राथमिक शिक्षक होता, दोन वर्षांपूर्वी गेला. अनुकंपेच्या यादीत यांचं नाव आहे. शिक्षकाची जागा हवी तर आधी ही पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा, नाहीतर कारकुनाचं बघा, असं त्यांना सांगितलं गेलं. कारकुनाचं बघा म्हणणाऱ्यांत घरचेही होते. त्यांनी पदविकेचं बघितलं. सासूबाईंना काशी घडवायची हे नवऱ्यानं कबूल केलेलं, ते फेडायला आल्या आहेत. परत गेल्यावर चौथ्या दिवशी सराव पाठ आहे. “वर्गातल्या पोरी मला काकू म्हणतात. आमच्या सरांचं वय माझ्याहून कमी. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. सुरुवातीला दोघांनाही कसंतरीच व्हायचं.”

आम्हाला एकदम १८८२ सालचा हंटर आयोग आठवला. (अग्रलेख लिहिणाऱ्यांना असल्या वेळी असलंच काही आठवतं, त्याला इलाज नाही.) मुलींच्या शाळांना शिक्षिका आणायच्या कुठून, हा त्या आयोगापुढचा मोठा पेच होता. त्यानं दोन वाटा सुचवल्या: शाळामास्तरांच्या बायकांना शिक्षिका होण्यासाठी खास उत्तेजन द्यावं आणि विधवांना प्रशिक्षण द्यावं. समोर बसलेल्या काकू एकाच वेळी या दोन्ही शिफारशींत बसत होत्या. एकशे चाळीसहून अधिक वर्षं उलटली, पण शिक्षिका जिथून येते ती दारं फारशी बदललेली नाहीत.

त्याच आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायची त्यांना लाज वाटू नये, असं त्यांचं मागणं होतं. म्हणजे शिक्षक होण्याआधी माणसानं जगात काहीतरी केलेलं असावं, हातांना घट्टे पडलेले असावेत. आज आपण ‘प्रौढ विद्यार्थी’ म्हणून ज्याच्याकडं थोड्या करुणेनं आणि थोड्या संशयानं पाहतो, तो फुल्यांच्या लेखी शिक्षकाचा उत्तम कच्चा माल होता.

विधवा आणि काशी यांचं नातं मराठी घरांना सांगायला नको. ‘काशीवास’ हा शब्द ऐकायला पवित्र आहे, पण कितीएक घरांत त्याचा अर्थ एवढाच होता की घरातलं एक ताट कमी करायचं आणि पुण्यही पदरी पाडून घ्यायचं. बाई गंगेच्या काठी एखाद्या अंधाऱ्या खोलीत महिन्याच्या मनीऑर्डरीची आणि मरणाची वाट पाहत बसायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात या बाईपुढं दुसरी वाट फुटली, ती पुण्याकडं जाणारी. तिथं १८७० सालीच स्त्री शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढं तो हिंगण्याच्या माळावर नेला, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. या संस्थांची नावं आपण ‘समाजसुधारणा’ या एका मोठ्या पेटीत टाकून झाकण लावतो. पण त्यांच्या आत रोज काय चालायचं ते पाहिलं तर तिथं मोठ्या बाया पाटी घेऊन बसलेल्या दिसतात. सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालत आणि त्यातून पुढं गेलेल्या बाया शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेत. नर्सिंग सोडलं तर विधवेला आपल्या पायावर उभं करणारा दुसरा मानाचा पेशा तेव्हा जवळजवळ नव्हताच. आपल्या प्राथमिक शाळेतल्या ‘बाईं’च्या आधीच्या दोन-तीन पिढ्या या वाटेनं आल्या आहेत. कुणी काशीला जायची ती ट्रेनिंगला गेली.

देवरुखच्या पार्वतीबाई आठवले घ्या. जन्म १८७०. विसाव्या वर्षी विधवा, पदरात मूल. बहीण गोदू शारदा सदनात शिकून पुढं कर्व्यांची पत्नी झाली म्हणून समाजानं टाकलेली. पार्वतीबाईंनी अक्षरांशी खरी गाठ घातली ती सव्विसाव्या वर्षी. ज्या वयात त्या काळच्या बायका लेकीच्या लग्नाची काळजी करू लागत त्या वयात त्यांनी ओनामा गिरवला. मग आश्रमात शिकवलं, आश्रम सांभाळला, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली आणि पन्नाशीला आल्यावर इंग्रजी शिकायचं म्हणून थेट अमेरिका गाठली. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. आपल्याकडं ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. पार्वतीबाईंच्या बाबतीत साठीच्या आत हा सगळा उद्योग आटपला होता, म्हणून म्हणीवर आच आली नाही इतकंच.

त्यांच्याहून आमच्या विषयाला जवळच्या अनुताई वाघ. १९१० साली मोरगावात जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. १९२९ मध्ये त्यांनी पुण्याहून प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं. इथंपर्यंत ही त्या पिढीतल्या अनेकींची गोष्ट आहे. अनुताई निराळ्या ठरतात त्या यानंतर. दिवसा शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकायचं, असं करत त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांची गाठ पडली आणि पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. या वेळी बालशिक्षणाच्या. तोवर सोळा वर्षं नोकरी झाली होती. मनात आणलं असतं तर ‘आम्हाला काय शिकवता’ म्हणता आलं असतं. शिक्षकांच्या कोणत्याही प्रशिक्षणात मागच्या बाकावरून हे वाक्य ऐकू येतंच. पदवी त्यांनी घेतली १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी. तेव्हा कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांची शाळा उभी राहिली होती. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, ही कुरणशाळेची कल्पना तिथं प्रत्यक्षात आली. शाळेनं मुलाकडं जावं हे सुचायला शिक्षण लागतं. पण शिक्षण आपल्याकडं उशिरा आणि अडखळत आलेलं असलं की ते जरा लवकर सुचत असावं.

ताराबाईंचे गुरू गिजुभाई बधेका. तेही उशिराच आलेले. वकिली करत होते. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं या विचारानं वाचायला लागले आणि १९१६ साली, वयाच्या तिशीत, भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत दाखल झाले. पुढं चार वर्षांनी त्यांचं बालमंदिर सुरू झालं. वकील लहान मुलांना शिकवतो आहे हे तेव्हाही अनेकांना अधःपतनच वाटलं असणार. आजही इंजिनिअर झालेला मुलगा ‘मी पहिलीला शिकवणार’ म्हणाला तर घरात सुतक धरतील.

मोठ्या वयात या धंद्यात येणाऱ्याला नेमकं अवघड काय जातं? आम्ही काकूंना तेच विचारलं. बालमानसशास्त्र, म्हणाल्या नाहीत. पियाजे नि वायगॉट्स्की पाठ होतात, म्हणाल्या. दोन पोरं वाढवली, त्या पुस्तकातलं निम्मं घरात बघितलेलं असतं. “अवघड जाते ती दुसरीची गणितं. मला येतात, म्हणून अवघड जातात.” एकोणतीस ही संख्या कशी शिकवायची यावर त्यांचा पाठ होता आणि त्यातच त्या अडकल्या होत्या. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायचे, दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या दाखवायच्या, इथवर ठीक. पण हातात दोन गठ्ठे नि नऊ काड्या, आणि तोंडानं म्हणायचं ‘एकोणतीस’. मुलाला त्यात ना वीस ऐकू येत, ना नऊ. ऐकू येतो तो ‘तीस’, आणि तीस तर तिथं नाहीतच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात किती गहजब झाला होता ते वाचकांना आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना मराठी जोडाक्षरी संख्यानावं जड जातात, त्यांची वाट थोडी सोपी करू. विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळे त्यांच्यावर तुटून पडले. भाषा बुडाली म्हणाले. तुटून पडणाऱ्यांत दुसरीच्या मुलासमोर बसून ‘एकोणसाठ’ शिकवलेले किती होते? ज्याला एखादी गोष्ट चाळीस वर्षं येते आहे तो ती यायला किती कष्ट पडले हे विसरून गेलेला असतो. आणि शिक्षकाला सगळ्यात उपयोगी पडते ती नेमकी तीच विसरलेली गोष्ट. प्रौढ विद्यार्थ्याचं नशीब असं की त्याला ती पुन्हा आठवते. रात्री मुलं झोपल्यावर वही उघडायची, डोळ्यांपुढं अक्षरं नाचायची, सकाळी वर्गात एकोणीस वर्षांच्या मुलींच्या आधी विसरायचं आणि त्यांच्यासमोर चुकायचं. न येणं म्हणजे काय, हे अशा विद्यार्थिनींच्या अंगावर ताजं असतं. पहिलीच्या वर्गात मागं तोंड लपवून बसलेलं मूल त्यांना पटकन दिसतं, कारण काल त्याच जागी त्या होत्या.

सगळेच उशिरा आलेले शिक्षक चांगले निघतात, असं आम्ही म्हणत नाही. उशिरा आलेल्यांत निव्वळ नोकरीसाठी आलेले असतात, थकून आलेले असतात, ‘आता कुठं जमणार’ म्हणत पाट्या टाकणारेही असतात. लवकर आलेल्यांतही असतात.

आता सरकारदरबारचा हिशेब पाहू. शिक्षणहक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला, त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक केली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेल्या प्रकरणांत निकाल दिला: ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी, पाचाच्या आत असलेल्यांना नोकरी राखता येईल, पण बढती नाही. एका निकालानं देशभरात चाळिशी-पन्नाशीतले कित्येक शिक्षक परीक्षार्थी झाले. आमच्या ओळखीतल्या एक बाई मुलीच्या शेजारी बसून अभ्यास करतात. मुलगी नीटचा, आई टीईटीचा.

टीईटीला आमचा विरोध नाही. मुलांसमोर उभं राहणाऱ्याला किमान काही यावं, यात वाद कसला? पण परीक्षा आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली स्वस्त कोणती हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. पन्नाशीच्या शिक्षिकेला वर्तुळं काळी करायला लावण्यापेक्षा तिच्या वर्गात मागच्या बाकावर कुणी जाणता माणूस तासभर बसला आणि नंतर चहा घेताना दोन गोष्टी बोलला, तर तिच्या मुलांचं अधिक भलं होईल. तो जाणता माणूस नेमायला पैसे लागतात. २०१७ ते २०१९ या काळात अप्रशिक्षित शिक्षकांना शेवटची मुदत देऊन मुक्त विद्यालयामार्फत डी.एल.एड. करवून घेतलं गेलं. १३ लाखांहून अधिक जणांनी नाव नोंदवलं. एवढ्या प्रौढ माणसांना एकाच वेळी विद्यार्थी करणारा प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. दूरचित्रवाहिनीवरचे पाठ, सुट्टीच्या दिवशीचे संपर्क वर्ग, स्वाध्यायाच्या वह्या, सगळं झालं. त्यांचे सराव पाठ नीट डोळे उघडे ठेवून किती जणांचे पाहिले गेले, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

ज्या उत्तर प्रदेशात आम्ही बसलो होतो तिथली गोष्ट तर याहून कडू आहे. शिक्षामित्र म्हणून गावोगावची बारावी झालेली मुलं-मुली तुटपुंज्या मानधनावर घेतली गेली. शिकवता शिकवता त्यांना दूरशिक्षणानं प्रशिक्षण दिलं, २०१४ पासून सहायक शिक्षक म्हणून सामावून घेतलं, आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते समायोजन रद्द ठरवलं. लाखाहून अधिक माणसं पुन्हा मानधनावर आली. कायद्यानं निकाल बरोबरच असेल. पण विशीत वर्गात शिरलेल्या आणि चाळिशीत पुन्हा दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाला ‘तू शिक्षक आहेस की नाहीस’ याचं उत्तर वीस वर्षांत राज्याला देता येऊ नये?

उलट उदाहरण हवं तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचं आहे. शिक्षकांचा दुष्काळ, आणि दुसरीकडं सैन्यातून परतलेली हजारो माणसं. तिथल्या सरकारनं आणीबाणीची प्रशिक्षण योजना काढली. तेरा महिन्यांचा निवासी, कसून घेतलेला अभ्यासक्रम. रिकामी वसतिगृहं, जुने वाडे, जिथं जागा मिळेल तिथं महाविद्यालयं. १९५१ पर्यंत सुमारे ३५,००० शिक्षक त्यातून तयार झाले. बंदूक खाली ठेवून आलेला माणूस लहान मुलांना शिकवू शकेल का, अशी शंका तिथंही घेतली गेली होती. महत्त्वाचं हे की त्यांनी वय हा दोष मानून सवलत दिली नाही. वय ही पुंजी आहे असं धरून तिच्या मापाचा अभ्यासक्रम शिवला, आणि शिकणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय केली.

आपल्याकडं उलटी शिलाई चालू आहे. २०१८ साली बी.एड. झालेल्यांना प्राथमिकचं दार उघडलं गेलं, ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलं; लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र निराळं आहे, हे त्यानं ठामपणे सांगितलं. छान झालं. मग त्या निराळ्या शास्त्राची पदविका सांभाळायला नको? महाराष्ट्रात एके काळी डी.एड.ला प्रवेश मिळणं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं होतं. पुढं भरती थांबली, विद्यालयं ओस पडली, कित्येकांना टाळी लागली. आणि आता नवं शैक्षणिक धोरण २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.कडं निघालं आहे. बारावी होऊन निघालेल्या मुलासाठी ते उत्तमच असेल. पण नवरा गेलेली, दोन पोरं शाळेत असलेली एकोणचाळीस वर्षांची बाई चार वर्षं पूर्ण वेळ कुठून आणणार? पदवीधरांसाठी धाकटे अभ्यासक्रम राहतील असं धोरणात म्हटलं आहे खरं. तिची तर पदवीच झालेली नाही. बरं, दोन वर्षांची पदविका घेऊन ती बाहेर पडली तरी सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गात वयाची अट अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. म्हणजे शिकायला ये, दार उघडं आहे. शिकून झालीस की खिडकी बंद आहे. आमचं सरळ म्हणणं आहे की प्राथमिक शिक्षकाच्या भरतीत ही वयाची अट काढावी, प्रौढांसाठी दोन वर्षांची पदविका विद्यावेतनासह राखावी, आणि सराव पाठ पाहणारा माणूस खरोखर पाठ पाहील याची व्यवस्था करावी. निवृत्तिवेतनाची सेवा कमी भरेल, हा वित्त विभागाचा आक्षेप ठाऊक आहे. पंधरा वर्षं चांगलं शिकवणारी शिक्षिका मिळत असेल तर वित्त विभागानं तेवढं सोसावं. पुतळ्यांना आणि जाहिरातींना ते याहून जास्त सोसतात.

तिकडं घाटावर धुकं थोडं विरळ झालं होतं. महालाच्या वरच्या गच्चीत कुणी परदेशी पाहुणे शाली गुंडाळून चहा घेत होते. पानाच्या द्रोणात फुलं नि वातीचा दिवा ठेवून विकणारी आठ-नऊ वर्षांची एक पोर टोपली घेऊन पायऱ्या चढत आली. इकडं शाळांना थंडीची सुट्टी असते या दिवसांत. काकूंनी तिला जवळ बसवलं. त्यांचं हिंदी नागपुरी, तिचं बनारसी. पण दोघींचं जमलं. टोपलीत द्रोण एकात एक घालून उभे रचले होते. “कितने हैं?” काकूंनी विचारलं. पोरीनं टोपलीकडं न बघताच आकडा सांगितला. दहादहाचे थर होते, तिला मोजायची गरजच नव्हती.

काकूंनी तीन थर बाहेर काढून पायरीवर मांडले. मग तिसऱ्यातला एक द्रोण उचलून तिच्या हातात दिला आणि उरलेल्यांकडं बोट दाखवून विचारलं, “अब?”

“उनतीस.”

“उनतीस माने?”

असला प्रश्न कुणी विचारतं का, अशा नजरेनं पोरीनं त्यांच्याकडं पाहिलं. “तीस में एक कम,” ती म्हणाली आणि हातातला द्रोण थरावर परत ठेवून दिला.

काकूंनी वही उघडली. टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात ‘काड्यांचे दोन गठ्ठे व नऊ सुट्या काड्या’ असं लिहिलं होतं, त्यावर त्यांनी काट मारली आणि ‘तीन गठ्ठे’ लिहिलं. तेवढ्यात वरून त्यांच्या मंडळींच्या हाका आल्या, आणि त्या चपलांचे जोड लावू लागल्या.